हापसा: घरचा पंप गावाला का पुरला नाही?

आमच्या मुखेडकडं गावोगाव हापसा दिसतो. त्याचीच गोष्ट आज सांगतो.

सुरुवातीचे हातपंप बिडाचे, परदेशी नमुन्यांवर घडवलेले. एका घराच्या आडाला ते पुरायचे. दिवसाकाठी काही घागरी, बस्स. पण तेच पंप गावच्या बोअरवर बसवले. दांडा पहाटेपासून रात्रीपर्यंत थांबायचाच नाही. सांधे झिजायचे, बीड तडकायचं. म्हणजे 1972च्या दुष्काळाच्या त्या काळात काळ्या पाषाणातून पाणी लागायचं, पण पंपच बंद!

उत्तर आपल्याजवळच निघालं. जालना आणि सोलापूरला मिशनशी जोडलेल्या लोकांनी पोलादी पंप घडवले. सोलापूर पंपावरूनच 1970च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. दांड्याला एकच सांधा, त्यात बॉल बेअरिंग, पुढं साखळी. त्यामुळं सळई सरळ वर येते, झीज कमी होते. हाच पंप पुढं आफ्रिकेतही गेला.

तरी वायसर झिजतंच, ते बदलायला माणूस लागतोच. तुमच्या गावचा हापसा चालू आहे की नुसताच उभा? मला नक्की कळवा.