तळटीप : ‘डबल ॲक्शन’

* ‘डबल ॲक्शन’ हा शब्द मुद्दाम तसाच ठेवला आहे. ‘दुहेरी क्रिया’ म्हटले की अर्थ हरवतो. पिस्तुलाचा चाप ओढल्यावर किती कामे होतात, यावरून ‘सिंगल’ आणि ‘डबल’ ही नावे पडली. कोल्ट १९११ मध्ये चाप आधीच चढवलेला घोडा फक्त सोडतो, म्हणून ‘सिंगल’. १९२९ च्या वाल्थर पीपीत पहिल्या गोळीला चापच घोडा चढवतो आणि सोडतो, म्हणून ‘डबल’. ती ओढ लांब, जड. पुढच्या गोळ्यांना मागे सरकणारी स्लाइडच घोडा चढवून ठेवते आणि ओढ एकदम हलकी होते. ग्लॉकमध्ये घोडाच नाही. अर्धवट ताणलेल्या स्ट्रायकरला (काडतुसावर आघात करणाऱ्या दांडीला) उरलेला ताण चाप देतो. कंपनीचे ‘सेफ ॲक्शन’ हे व्यापारी नाव आहे, स्वतंत्र प्रकार नव्हे.