पडद्यावरच्या फुलाचा इतिहास कुठून सुरू करायचा?

प्रस्तावातली 'पार्श्वभूमी' लिहायला बसलात की पहिली अडचण येते ती सुरुवातीची. माणूस जवळ आला की उमलणारी डिजिटल फुलं हा विषय घ्या. बरेच जण जपानच्या टीमलॅबपासून सुरू करतील, कारण त्यांचेच व्हिडिओ आपल्या मोबाइलवर येतात. मी म्हणेन, आधी 1968 ला जा.

त्या वर्षी आरिस्टिड लिंडनमायर या जीवशास्त्रज्ञाने तंतुमय जीवांची वाढ मांडायची एक रीत दिली. पेशीला एक अक्षर, आणि पुढच्या पायरीला त्या अक्षराच्या जागी काय येणार याचा नियम. बस, एवढंच. कलेचा इथं काही संबंध नव्हता. 1979 मध्ये हेल्मुट व्होगेलने सूर्यफुलाच्या बिया सूत्रात बसवल्या: पुढची प्रत्येक बी 137.5 अंश वळवायची, आणि केंद्रापासूनचं अंतर तिच्या क्रमांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवायचं. पायथनमध्ये दहा ओळींत होतं, करून बघा. मग 137.5 चं 137.3 करा, नक्षी लगेच बिघडते. हिंगोलीत कुणाच्या परसात सूर्यफूल असेल तर दोन्ही दिशांचे वळसे मोजा. बहुधा 34 आणि 55 सारख्या शेजारशेजारच्या फिबोनाची संख्या मिळतील.

1992 मध्ये क्रिस्टा सोमरर आणि लोरां मिन्योनो यांनी पाच खऱ्या कुंड्या संगणकाला जोडल्या. झाडाजवळ हात नेला की विद्युत विभवात होणारा बदल मोजला जायचा, आणि पडद्यावर झाड वाढायचं. म्हणजे बटण नाही, माउस नाही, झाडच!

टीमलॅबने 2015 च्या एका कलाकृतीत वर्षभराची फुलं तासाभरात फिरवली. स्थिर उभं राहिलात तर जास्त उमलतात, हात लावलात तर पाकळ्या गळतात. चित्र आधी भरून ठेवलेलं नसतं, संगणक ते त्या क्षणी काढतो.

इथंच आपली पंचाईत होते. हिंगोलीत बसून आपण पाहतो तो व्हिडिओ म्हणजे एका दिवशीची, दुसऱ्याच माणसांसमोरची नोंद. ती कलाकृती नव्हे. तरी प्रबंधात सर्रास 'कलाकृती पाहिली' असं लिहिलं जातं, आणि तोंडी परीक्षेत नेमकं तिथंच अडकायला होतं. माझ्या वहीत अशा प्रत्येक कलाकृतीसाठी चार रकाने आहेत: साल, यंत्र, वाढीचा नियम, आणि समोरचा माणूस काय करत होता. चौथा रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो.