गलगंडाचे गूढ

जबलपूरहून नर्मदेच्या उगमाकडे निघाले म्हणजे मंडला आणि डिंडोरी यांचा वन्य प्रदेश लागतो. तेथील बैगा वस्त्यांत गळ्याच्या पुढील भागी वाढणारी सूज आढळते, आणि तिचा अभ्यास १९८४ साली जबलपुरात स्थापन झालेल्या आदिवासी आरोग्यविषयक संशोधन केंद्राने केला. ही सूज म्हणजे गलगंड होय. बोलीत पुष्कळदा हिलाच गंडमाळ म्हणतात. परंतु गंडमाळ मानेच्या बाजूस मण्यांसारखी ओवलेली असते व बहुधा क्षयामुळे होते. गलगंड घोट गिळताना वरखाली सरकतो.

हा भेद प्राचीनांस अज्ञात नव्हता. सुश्रुताने निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अपची आणि गलगंड ही निरनिराळी सांगितली असून गलगंडाचे वात, कफ व मेद यांपासून होणारे तीन प्रकार मानले आहेत. पित्तज गलगंड त्याने मानला नाही. वर्णन इतके नेमके असूनही कारण मात्र हाती लागले नव्हते.

लोकांनी दोष दिला तो पाण्याला. विसाव्या शतकाच्या आरंभी गिलगिट येथे रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी डॉक्टरानेही तेच मानले. पाण्यातील गाळ त्याने स्वतः प्राशन केला, इतरांसही दिला, आणि काहींच्या गळ्याला सूज आली; तोच गाळ उकळून दिला असता ती आली नाही. वास्तविक आयोडीनचा उपयोग गलगंडावर जिनिव्हाच्या क्वांदे याने १८२० सालीच केला होता. पाण्यात काय आहे हे सारे शोधत राहिले. त्यात काय नाही, हे पाहण्यास फार काळ लागला. पावसाने धुपलेल्या मातीत आयोडीन उरत नाही, म्हणून ते पिकातही येत नाही आणि पाण्यातही नाही. मग गळ्यातील अवटू ग्रंथी अपुऱ्या द्रव्यावर काम भागविण्यासाठी फुगत जाते. गाठ निदान दिसते तरी. गर्भावस्थेत ही उणीव पडली तर मूल मुकेबहिरे वा मंदबुद्धी होऊ शकते, आणि त्या हानीची भरपाई पुढे होत नाही.

आपल्या देशात याचा निर्णायक पुरावा कांगडा खोऱ्यात मिळाला. डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून खोऱ्याच्या दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्यात साधेच. पहिल्या दोहोंत गलगंड स्पष्टपणे घटला. तिसऱ्या विभागातील लोकांनी त्या वर्षांत काय गमावले, हा प्रश्न मात्र अहवालांच्या आकड्यांत मावणारा नाही.

१९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तथापि हा रोग हिमालयाच्या पायथ्याचा, ही समजूत दृढ होती, आणि मध्य भारताकडे लक्ष उशिरा वळले. सर्वच खाद्य मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण १९८४ साली ठरले. साध्या खाद्य मिठाच्या विक्रीवरील देशव्यापी बंदी २००० साली उठविली गेली व २००६ साली पुन्हा लागू झाली.

प्रौढास दिवसाला अवघे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. जन्मभराचे चहाच्या एका चमच्यात मावेल. समुद्राचे मीठ असले म्हणजे पुरे, असे कित्येकांस वाटते. पण उन्हात वाळविलेल्या मिठात ते नगण्यच उरते. शिवाय खडेमीठ धुऊन वापरण्याची जुनी चाल कित्येक घरांत आहे. स्वच्छतेच्या त्या सवयीने वरून लावलेले आयोडीनच पाण्याबरोबर वाहून जाते.