'कुडा' म्हणजे काय? पनवेलमधल्या एआय चिप्स आणि एकाच कंपनीवरचं अवलंबित्व

पनवेलच्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत 'योट्टा एनएम१' हे डेटा सेंटर आहे. जुलै २०२० मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्याची क्षमता ७,२०० रॅकची आहे. मार्च २०२४ मध्ये एनव्हिडियाच्या एच-१०० चिप्सची पहिली मोठी खेप इथे आली आणि त्यांच्या जोरावर 'शक्ती क्लाउड' ही एआय सेवा उभी राहिली. कंपनी भारतीय, जागा भारतातली आणि डेटाही देशातच राहणार, म्हणून अशा सेवेला 'सार्वभौम' म्हटलं जातं.

पण या चिप्सकडून काम करून घेण्यासाठी जे सॉफ्टवेअर लागतं, ते 'कुडा' एनव्हिडियाच्याच मालकीचं आहे.

कुडा नेमकं काय करतं?

संगणकाचा नेहमीचा प्रोसेसर गुंतागुंतीची कामं थोड्या कोअरवर करतो. ग्राफिक्स चिप, म्हणजे जीपीयू, हजारो सोपी गणितं एकाच वेळी सोडवते. ती मुळात व्हिडिओ गेमसाठी बनली. तिच्याकडून इतर गणितं करून घेणं पूर्वी फार किचकट होतं.

एनव्हिडियाने २००६ मध्ये कुडा जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी ते प्रोग्रामरच्या हाती दिलं. ओळखीच्या 'सी' भाषेत थोडी भर घालून जीपीयूसाठी प्रोग्राम लिहिता येऊ लागला. कुडा वापरायला पैसे पडत नाहीत. मात्र ते फक्त एनव्हिडियाच्या चिपसाठी बनवलेलं आहे. सॉफ्टवेअर फुकट, पण चिप विकत, असा हा व्यवहार आहे.

प्रोग्रामर त्यात कसे अडकले?

२०१२ मध्ये 'अ‍ॅलेक्सनेट' या प्रोग्रामने चित्रं ओळखण्याची मोठी स्पर्धा जिंकली. त्याचं प्रशिक्षण एनव्हिडियाच्या दोन साध्या गेमिंग कार्डांवर झालं होतं. त्यानंतर एआयचं संशोधन कुडाकडे वळलं.

२०१४ मध्ये कंपनीने न्यूरल नेटवर्कसाठी 'कुडीएनएन' ही तयार लायब्ररी दिली. अशा लायब्रऱ्या वाढत गेल्या. त्यांच्यावर पायटॉर्चसारखी साधनं उभी राहिली, अभ्यासक्रम आले आणि नोकरीच्या जाहिरातींतही कुडाचं ज्ञान मागितलं जाऊ लागलं. आज दुसऱ्या कंपनीची चिप स्वस्तात मिळाली, तरी जुना कोड बदलायचा, तपासायचा आणि पुन्हा वेगवान करायचा खर्च त्या बचतीवर पाणी फिरवू शकतो.

यात धोका काय?

पहिला धोका परवान्याचा. कुडाने तयार केलेला कोड उलगडून दुसऱ्या कंपनीच्या चिपवर चालवण्यासाठी त्याचं रूपांतर करायला परवान्यातलं एक कलम मनाई करतं.

दुसरा धोका पुरवठ्याचा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने प्रगत एआय चिप्सच्या निर्यातीवर देशनिहाय मर्यादा जाहीर केली. मोकळीक मिळालेल्या १८ देशांत भारत नव्हता. मे २०२५ मध्ये तो नियम मागे घेतला गेला, पण निर्णय वॉशिंग्टनमध्ये होतो हे स्पष्ट झालं.

तिसरा धोका स्पर्धेचा. फ्रान्सच्या स्पर्धा नियामकाने जून २०२४ मध्ये संपूर्ण क्षेत्राच्या कुडावरच्या अवलंबित्वाबद्दल चिंता व्यक्त केली होती.

भारतासाठी हा प्रश्न दूरचा नाही. 'इंडिया एआय मिशन'च्या पहिल्या फेरीत १८,६९३ जीपीयू निश्चित झाले. त्यात १२,८९६ एच-१०० आणि १,४८० एच-२०० होते. म्हणजे चारपैकी तीनहून अधिक चिप्स एनव्हिडियाच्या या दोनच प्रकारांतल्या.

पुण्याचा अनुभव काय सांगतो?

अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक सुरू झालं. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यातले प्रोसेसर मात्र ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' होते. पुढे ट्रान्सप्युटर बाजारातून गेले आणि परमच्या नंतरच्या पिढ्या इतर कंपन्यांच्या प्रोसेसरवर बांधाव्या लागल्या.

प्रोसेसर बदलला तरी प्रोग्राम टिकावा, यासाठी जगभरातल्या संशोधकांनी १९९४ मध्ये 'एमपीआय' हे खुलं मानक आणलं. ते कोणा एका कंपनीचं नाही, त्यामुळे त्यात लिहिलेला प्रोग्राम वेगवेगळ्या यंत्रांवर नेता येतो. महासंगणकांवर आजही ते वापरलं जातं. सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' २०२० मध्ये जगात ६३व्या क्रमांकावर आला. तो एनव्हिडियाच्या चिप्सवर चालतो.

पर्याय कोणते?

• एएमडीचं 'रॉकएम' हे खुलं सॉफ्टवेअर २०१६ पासून आहे. कुडातला मूळ कोड त्याच्या भाषेत बदलून देणारं साधनही त्यात मिळतं. पण वेग पुन्हा हाताने जुळवावा लागतो.

• 'ओपनसीएल' हे खुलं मानक कुडानंतर लगेच आलं. एआयच्या लायब्रऱ्यांत मात्र ते मागे पडलं.

• 'ट्रायटन' या खुल्या भाषेत जीपीयूचा कोड लिहिता येतो. २०२३ च्या पायटॉर्च २.० पासून तिचा वापर वाढला आहे.

पायटॉर्चसारख्या वरच्या थरावर काम करणाऱ्या प्रोग्रामरची सुटका तुलनेने सोपी असते. थेट कुडात लिहिलेले भाग सगळ्यात घट्ट अडकतात. म्हणून असे भाग मोजके आणि वेगळे ठेवणं, आणि मधूनमधून दुसऱ्या कंपनीच्या चिपवर चाचणी घेणं फायद्याचं ठरतं.

चिप भाड्याने घेताना ताशी दर पाहिला जातोच. त्यासोबत हाच कोड दुसऱ्या चिपवर न्यायला किती दिवस आणि किती माणसं लागतील, याचा हिशेबही मांडायला हवा. डेटा सेंटर पनवेलमध्ये आहे म्हणून तो खर्च कमी होत नाही.