विशेष न्यायाधीश आणि अंतुले खटला : वेगाच्या आग्रहाने गमावलेली चार वर्षे

१/
२९ एप्रिल १९८८. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने आपल्याच न्यायालयाचा चार वर्षांपूर्वीचा आदेश रद्द केला. आरोपी होते महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले. आरोप खरे की खोटे, हा प्रश्नच नव्हता. खटला कोणत्या न्यायालयात चालावा, एवढाच वाद होता.

२/
या वादाची मुळे दुसऱ्या महायुद्धात आहेत. युद्धकाळात सरकारी खरेदी, कंत्राटे आणि परवाने वाढले, तशी लाचखोरीही वाढली. १९४१ साली तपासासाठी विशेष पोलीस यंत्रणा उभी राहिली आणि १९४७ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आला. खटल्यांचा संथपणा मात्र कायम राहिला.

३/
त्यावर उपाय म्हणून १९५२ साली फौजदारी कायद्यात सुधारणा झाली. सत्र न्यायाधीशांच्या श्रेणीतील विशेष न्यायाधीश नेमण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. दंडाधिकाऱ्याने खटला सत्र न्यायालयाकडे सोपवण्याचा वेळखाऊ टप्पा वगळला गेला. असे गुन्हे ‘केवळ’ विशेष न्यायाधीशच चालवतील, असेही कायद्याने ठरवले.

४/
जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट वाटप प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाचा प्रतिकूल निकाल आला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात प्रतिष्ठानासाठी देणग्या घेतल्याचा आरोप होता. ऑगस्टमध्ये भाजपचे रामदास नायक यांनी विशेष न्यायाधीशांकडे फौजदारी तक्रार केली.

५/
जुलै १९८३ मध्ये विशेष न्यायाधीशांनी अंतुले यांना आरोपमुक्त केले. आमदार हा लोकसेवक असल्याने पूर्वमंजुरी आवश्यक, असे त्यांचे मत होते. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते अमान्य केले. शिवाय विलंब टाळण्यासाठी खटला थेट मुंबई उच्च न्यायालयाकडे सोपवला.

६/
वरच्या न्यायालयात सुनावणी म्हणजे आरोपीचा सन्मानच, असे वरकरणी वाटेल. पण विशेष न्यायाधीशाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात हक्काने अपील करता येते. खटलाच तेथे चालला, तर अपिलाची ती पायरी नाहीशी होते.

७/
१९८८ च्या बहुमताच्या निकालाने नेमके यावरच बोट ठेवले. ‘केवळ’ या शब्दाला बगल देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयालाही नाही. इतर आरोपींना मिळणारे संरक्षण एकालाच नाकारणे हा समतेचा भंग होय. न्यायालयाच्या चुकीची झळ पक्षकाराला बसता कामा नये.

८/
तोवर उच्च न्यायालयात आरोप निश्चित होऊन अनेक साक्षी नोंदल्या गेल्या होत्या. ते सारे व्यर्थ ठरले. वेळ वाचवण्यासाठी काढलेल्या आदेशानेच चार वर्षे खर्ची पडली.

९/
सप्टेंबर १९८८ मध्ये नवा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागू झाला. त्यानेही विशेष न्यायाधीश कायम ठेवले आणि शक्यतो दररोज सुनावणी घेण्यास सांगितले. २०१८ च्या दुरुस्तीने दोन वर्षांत खटला संपवण्याचे उद्दिष्ट घातले. वेगाचा शोध १९५२ पासून चालूच आहे. त्या वाटेवर अपिलाची पायरी गाळता येत नाही, हे मात्र १९८८ सालीच ठरले.