समुद्रापलीकडील सोयरीक : बाबासाहेबांच्या १९१६ च्या निबंधाचा आजचा अर्थ

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती. त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर जुलै १९१३ मध्ये अमेरिकेत पोहोचलेला हा विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात तो निबंध प्रसिद्ध झाला.

या निबंधाच्या आरंभीच बाबासाहेबांनी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातिविषयक ग्रंथातील एक इशारा नोंदवला आहे. हिंदू माणूस परदेशी जाऊन वसला, तर जातही त्याच्याबरोबर जाईल आणि मग हा प्रश्न भारतापुरता उरणार नाही, असा त्याचा आशय. 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे पुढे संपादक झालेले केतकर स्वतः अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकले होते, आणि त्यांचा तो ग्रंथ १९०९ साली तिथेच प्रसिद्ध झाला होता. समुद्र ओलांडलेल्या दोन मराठी अभ्यासकांना जातीच्या समुद्रप्रवासाची चिंता वाटली, ही गोष्ट सीबमध्ये घर केलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनी विचारात घेण्याजोगी आहे. तो इशारा आपल्याला उद्देशून नव्हता, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

समाजशास्त्रातील सिद्धांत हे परीक्षेपुरते पाठ करण्याचे विषय आहेत, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. वास्तविक, एखादी सामाजिक व्याधी कशावर उभी आहे याचे उत्तर सिद्धांत देतो, आणि उत्तर बदलले की उपायही बदलतो. १९१६ साली जातीविषयी अशी अनेक उत्तरे प्रचलित होती. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांच्या मते जातीचे मूळ वंशात होते. नाकाची लांबी-रुंदी मोजून माणसाची सामाजिक पायरी सांगता येते, इथवर त्यांची मजल गेली. जॉन नेसफील्ड यांनी जातीचे मूळ व्यवसायात पाहिले. फ्रेंच विद्वान एमिल सेनार यांनी विटाळाच्या कल्पनेवर भर दिला. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली : जन्मानेच मिळणारे सदस्यत्व आणि जातीबाहेर विवाहाला बंदी.

बाबासाहेबांनी ही सर्व मते तपासली. व्यवसाय वंशपरंपरेने चालणे जगात अन्यत्रही आढळते. विटाळाची कल्पना पुरोहितवर्ग असलेल्या अनेक धर्मांत आहे. मग भारतात जे घडले त्याचे वेगळेपण कशात? केतकरांच्या व्याख्येचा त्यांनी आदर केला, पण तिची दोन लक्षणे वस्तुतः एकच आहेत हे दाखवून दिले. बाहेर लग्न करता येत नसेल, तर सदस्य जन्मानेच मिळणार हे उघड आहे. म्हणून जातीचे सार एकाच गोष्टीत आहे : गटाच्या आतच विवाह करण्याचे बंधन.

या निष्कर्षानंतरचे विवेचन आजही वाचकाला अंतर्मुख करते. गट बंद ठेवायचा, तर त्यात विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समान राहिली पाहिजे. पण पती-पत्नी एकाच वेळी मरत नाहीत. पती आधी गेला तर एक स्त्री 'अतिरिक्त' ठरते, पत्नी आधी गेली तर एक पुरुष. अतिरिक्त स्त्री बाहेर विवाह करील तर कुंपण तुटेल. आत विवाह करील तर कोणा कुमारिकेच्या वाट्याचा वर जाईल. म्हणून तिला पतीच्या चितेवर चढवायचे, किंवा जन्मभर वैधव्यात ठेवायचे. अतिरिक्त पुरुषाला जाळणे गटाला परवडत नाही. म्हणून त्याने ब्रह्मचर्य पाळावे, अन्यथा विवाहाच्या वयाला न पोहोचलेली मुलगी त्याला द्यावी. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींवर तोवर सुधारकांनी दयेच्या आणि नीतीच्या भाषेत पुष्कळ लिहिले होते. या तिन्ही चाली एकाच कुंपणाच्या तीन खुंट्या आहेत, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. स्त्रीचे दास्य आणि जात हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हा विचार त्यांच्या लेखनात इतक्या आरंभी आलेला आहे.

सिद्धांताचा खरेखोटेपणा पाहायला समाजशास्त्राकडे रसायनशास्त्रासारखी प्रयोगशाळा नसते. परंतु स्थलांतर हा इतिहासाने केलेला प्रयोगच आहे. माणूस गावातून उचलला जातो. काही गोष्टी त्याच्याबरोबर येतात, काही मागे राहतात. जातीचे काय झाले ते पाहावे, म्हणजे ती कशावर उभी होती ते कळते.

असा एक मोठा प्रयोग त्रिनिदादमध्ये झाला. १८४५ ते १९१७ या काळात करारबद्ध मजूर म्हणून भारतातून हजारो माणसे तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेली गेली. बोटीवर सगळे एकत्र जेवले, एकत्र झोपले, आणि मळ्यावर सगळ्यांच्या हाती एकच काम आले. पण निर्णायक गोष्ट निराळी होती. स्त्रियांची संख्या फार कमी होती. दर १०० पुरुषांमागे ४० स्त्रिया असाव्यात असा नियम पुढे सरकारला करावा लागला. अशा स्थितीत आपल्याच पोटजातीतील वधू मिळणे अशक्यप्राय झाले. विवाह जातीबाहेर होऊ लागले आणि दोन-तीन पिढ्यांत जातपंचायत, पोटजात, रोटीबेटीचे नियम यांची घट्ट वीण उसवत गेली. उच्चनीचतेच्या आठवणी काही प्रमाणात उरल्या, पण जात ही चालती यंत्रणा म्हणून तिथे टिकली नाही. बाबासाहेबांच्या सिद्धांताचे याहून स्पष्ट प्रमाण शोधून सापडणार नाही.

दुसरा प्रयोग आपला आहे. ओमानमध्ये वंशाचा सिद्धांत निरर्थक ठरतो. स्थानिक माणसाच्या लेखी आपण सगळे 'हिंदी' आहोत, आणि आपल्या नाकाच्या आकारावरून तो कोणाची जात ओळखत नाही. व्यवसायाचा सिद्धांतही गळून पडतो. एकाच कंपनीत, एकाच हुद्द्यावर कोणत्याही जातीत जन्मलेली माणसे शेजारी-शेजारी बसतात. पाणवठा, गावकुसाबाहेरची वस्ती, बलुतेदारी, यांपैकी इथे काहीही नाही. अल-खौद किंवा मवालेहमधल्या एकाच इमारतीत सगळे एकाच टाकीचे पाणी पितात. एवढे सगळे नाहीसे झाल्यावर जातही नाहीशी व्हायला हवी होती. तरी नव्या ओळखीत आडनावानंतर गाव, आणि गावानंतर 'म्हणजे तुम्ही नेमके कोण?' हा प्रश्न येतोच. आणि मुलामुलींच्या सोयरिकीचा विषय निघाला, की गेलेली जात पूर्ण देहाने परत येते.

त्रिनिदादला जे घडले ते आखातात का घडले नाही? कारण आपल्या स्थलांतराची रीत निराळी आहे. आपण निवासपत्राच्या मुदतीपुरते इथले; बहुतेकांना अखेर परतायचे आहे. मस्कतचा विमानतळ सीबच्याच हद्दीत आहे, २००८ पर्यंत त्याचे नावही सीब विमानतळ असेच होते, आणि तिथून निघालेले विमान अडीच-तीन तासांत मुंबईला उतरते. म्हणून नोकरी इथे झाली, तरी सोयरीक तिथेच होत राहिली. मळेवाल्याच्या बोटीने जे कुंपण नाइलाजाने मोडले, ते वार्षिक रजेच्या तिकिटाने शाबूत ठेवले. भारतातही चित्र फारसे वेगळे नाही. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणानुसार आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्के एवढेच होते. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावाला कायद्याने बंदी घातली, तेव्हा केतकरांचा इशारा खरा ठरल्याची जणू अधिकृत नोंदच झाली.

१९१६ च्या निबंधात आणखी एक सिद्धांत आहे, आणि तो आपल्याला अधिक बोचणारा आहे. एका वर्गाने स्वतःला बंद करून घेतले, हे समजू शकते. पण इतरांनी ती रीत का उचलली? बाबासाहेबांनी इथे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गॅब्रिएल तार्द यांच्या अनुकरणविषयक विचाराचा आधार घेतला. अनुकरण वरून खाली झिरपते, आणि जो जितका जवळ तितके त्याचे अनुकरण पक्के. ब्राह्मणांना निकट असलेल्या जातींनी सती, वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चाली उचलल्या. त्यांहून दूरच्यांनी काहीच उचलल्या. सर्वांत दूर असलेल्यांनी निदान जातीचे तत्त्व तरी स्वीकारले. काहींनी दार आतून लावले, काहींच्या वाट्याला लावलेले दार आले, आणि मग त्यांनीही आपापल्या अंगणाला कुंपण घातले. १९५२ साली प्रा. म. न. श्रीनिवास यांनी कूर्गवरील ग्रंथात 'संस्कृतीकरणा'ची कल्पना मांडली आणि ती जगन्मान्य झाली. खालच्या जाती वरच्यांच्या चालीरीती का उचलतात, या प्रश्नाला बाबासाहेबांनी त्याच्या ३६ वर्षे आधी हात घातला होता, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

तथापि दोघांत मोठे अंतर आहे. संस्कृतीकरणात माणूस शिडीची एक पायरी वर चढू पाहतो. शिडी तशीच राहते. बाबासाहेबांना शिडीच नको होती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी स्त्रियांना जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसे दागिने टाकून देण्यास सांगितले. हे वरकरणी अनुकरण वाटेल. पण त्याच परिषदेत, २५ डिसेंबरला, मनुस्मृतीचे दहन झाले होते. वरच्या पायरीची मान्यता हवी असणारा समाज त्या पायरीचा धर्मग्रंथ जाळत नाही.

सिद्धांतही त्यांच्याबरोबर वाढत गेला. १९१६ साली त्यांनी यंत्रणा सांगितली. १९३६ साली, लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषण रद्द केल्यावर स्वतः छापलेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी सांगितले की आंतरजातीय विवाह हा खरा उपाय आहे. परंतु माणसे तो करीत नाहीत, कारण जातीला धर्मश्रद्धेचे पाठबळ आहे. पुढे त्यांनी श्रेणीबद्ध विषमतेचे विवेचन केले : प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असल्यामुळे प्रत्येकाला शिडी टिकवण्यात थोडाथोडा लाभ दिसतो, आणि पीडितांची एकजूट होत नाही. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी प्रा. गो. स. घुर्ये यांचीच मोजमापे वापरून वंशसिद्धांत खोडला. गावातील जमीन, बहिष्कार आणि हिंसा यांचा विचार केवळ विवाहाच्या सूत्राने पुरा होत नाही, हे त्यांच्याइतके कोणी अनुभवले नव्हते. तरी मूळ सूत्र त्यांनी सोडले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेकडे या दृष्टीने पाहिले, तर तिचे समाजशास्त्रीय महत्त्व कळते. अनुकरणाचा आदर्शच बदलणे, वर पाहण्याऐवजी शिडीवरून उतरून बुद्धाकडे पाहणे, हा तिचा अर्थ आहे.

म्हणूनच आता एक अवघड प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. आपल्या गटांत लग्नासाठी फिरणाऱ्या बायोडेटात धर्म 'बौद्ध' असा अभिमानाने लिहिलेला असतो. त्यानंतर फोनवर हलक्या आवाजात विचारणा होते : पूर्वाश्रमीचे कोण? महार असतील तर सोमवंशी, लाडवण की बावणे? विदर्भातले की कोकणातले? मातंग किंवा चर्मकार कुटुंबातून धम्मात आलेल्या मुलाचे स्थळ चांगले असूनही 'जमणार नाही' असे उत्तर का जाते? हुंडा, हळदीचा थाट, मुहूर्ताची चौकशी हे सारे साध्या बौद्ध विवाहविधीच्या मागच्या दाराने पुन्हा कसे आले? तार्द यांचा नियम इथे आपल्यावरच लागू होतो. आपण विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणतो आणि दिवाणखान्यात शेजाऱ्याचे अनुकरण करतो.

आखातात पासपोर्ट पाहून माणसाची किंमत ठरण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. त्याची चीड येते, आणि ती यायलाच हवी. पण ज्या प्रश्नाने आपल्याला चीड येते, तोच प्रश्न आपण घरात आलेल्या स्थळाला विचारणार असू, तर श्रेणीबद्ध विषमता आपण केवळ भोगत नाही, ती चालवतोही.

आपली मुले सीबच्या शाळांत केरळ, पंजाब, श्रीलंका, पाकिस्तानच्या मुलांबरोबर वाढत आहेत. त्यांना पोटजातीची नावे ठाऊक नाहीत. ती त्यांना पहिल्यांदा कळतील, तर बहुधा आपल्याकडूनच, आणि त्यांच्या लग्नाच्या वेळीच. १९१६ साली २५ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने जातीचे कुंपण नेमके कुठे आहे ते दाखवून ठेवले. ते आपल्या बैठकीच्या खोलीत आहे. म्हणून पुढच्या वेळी स्थळ येईल तेव्हा मुलाचे शिक्षण विचारावे, स्वभाव विचारावा, मुलीचे मत विचारावे. आणि तो एक प्रश्न ओठांवर आला, तर तो तिथेच थांबवावा. एवढ्या एका प्रश्नाच्या न विचारण्यावर जातीची एक पिढी संपू शकते.

जय भीम! नमो बुद्धाय!