हँडिकॅप व मैदानाची काठिण्यपातळी (गोल्फ)

गोल्फमध्ये कमीअधिक कौशल्याच्या खेळाडूंना बरोबरीने खेळता यावे म्हणून दिली जाणारी फटक्यांची सवलत म्हणजे हँडिकॅप. पण दोन मैदाने कधीच सारखी नसतात, त्यामुळे केवळ फटके मोजून खेळाडूचा कस कळत नाही.

जानेवारी 2020 पासूनच्या जागतिक पद्धतीत मैदानाला दोन आकडे असतात. कोर्स रेटिंग म्हणजे हँडिकॅप शून्य असलेल्या खेळाडूला अपेक्षित फटके. स्लोप रेटिंग (55 ते 155, प्रमाण 113) सामान्य खेळाडूला मैदान त्याच्या तुलनेत किती जड जाते ते सांगते. पद्धतीचे खरे मर्म या दुसऱ्या आकड्यात आहे : पाण्यावरून मारायचा लांब फटका निष्णाताला किरकोळ वाटतो, नवख्याचा तिथेच घात होतो.

फेरीचे मोल काढताना फटक्यांतून कोर्स रेटिंग वजा करून उरलेल्या आकड्याला 113 भागिले स्लोपने गुणतात. समजा, दोघांचेही 92 फटके झाले. रेटिंग 71.5 व स्लोप 130 असलेल्या मैदानावर मोल 17.8 येते, 68 व 100 असलेल्या सोप्या मैदानावर 27.1. मोल कमी म्हणून पहिली फेरी निःसंशय सरस. मुसळधार पावसासारख्या असाधारण दिवसासाठी वेगळी दुरुस्ती असते. शेवटच्या 20 फेऱ्यांतील सर्वोत्तम 8 मोलांची सरासरी हा हँडिकॅप निर्देशांकाचा पाया. त्याची कमाल मर्यादा 54 आहे.